पाळण्यामागची भिंत

बैठकीतल्या कूलरचं पाणी झिरपून मागच्या खोलीत पाळण्यालगतची भिंत काळी पडली होती, आणि अनुसयाचं बाळ आठवडाभर खोकत होतं. "मामाजी, बुरशी आहे ही. कूलर बंद करा, सोड्याच्या पाण्यानं भिंत धुऊन काढू," तिने सासऱ्यांना विनवलं. शाळेत विज्ञान शिकवणारे तिचे सासरे भैयाजी मास्तर बैठकीत कूलरसमोरच्या खाटेवर कूसही न बदलता म्हणाले, "मॅट्रिक नापास पोरीनं मले शिकवू नये. नुसती ओल आहे ते."

सोमवारी शाळेत इन्स्पेक्टर येणार होते. आदल्या दिवशी भैयाजी नाकातोंडाला रुमाल बांधून, चाकू नि काचेची बशी घेऊन झोपलेल्या बाळाच्या पाळण्यावर वाकले.

"वर्गात दाखवाले बुरशी पाहिजे," ते म्हणाले. "खरडतानी खोलीचं दार लावून घे वं, नाही तं उडून माह्या खाटेवर यायची."