पुढची सीट रिकामी

पुलावरून पाणी वाहत होतं, म्हणून नाशिकहून नागपूरला निघालेल्या वीस सायकलस्वारांना मोताळ्याच्या मंगल कार्यालयात दिवसभर थांबावं लागलं. त्यातच समीक्षाचा सायकलवरचा साथीदार राम याला ताप भरला आणि दुपारी भाऊ येऊन त्याला घरी घेऊन गेला. समीक्षाला जन्मापासून दिसत नव्हतं. दोघांच्या जोडसायकलवर राम पुढे बसून हँडल धरायचा, ती मागून पायडल मारायची. “उद्यापासून तू सामानाच्या गाडीत बस,” गटप्रमुख योगिनी म्हणाली. समीक्षानं पंगतीत एकेकाला नावानं हाक मारून पुढे बसशील का म्हणून विचारलं. कुणाचा गुडघा दुखत होता, कुणाला जोडसायकलची भीती वाटत होती. काहींनी तर ओ दिलीच नाही. ती चाचपडत व्हरांड्यात आली आणि सायकलची मागची सीट घट्ट धरून रडू लागली. तिथं गावातला सायकल-मिस्त्री हैदर चेन आवळत होता. “काऊन रडता, ताई?” तिनं सगळं सांगितलं. “घरचे मला गल्लीच्या टोकापर्यंतही एकटं सोडत नाहीत, दादा. इथवर मी माझ्या पायांनी आलेय.” हैदर पाना खाली ठेवून म्हणाला, “नांदुऱ्यालोक मी धरतो हँडल.” “नांदुऱ्यापर्यंत? आणि तिथून पुढे?” “पुढचं मले नाही माहीत. अन् अशी दोघांची सायकल म्या कधी चालवली नाही. चिखलात पडलो तं?” समीक्षानं ओढणीनं तोंड पुसलं. “पडू,” ती म्हणाली. “सकाळी सहाला निघायचंय.”