अकरा हजार किलोमीटर

"टर्बो लाव म्हटलं ना," भैय्याजी तिसऱ्यांदा म्हणाले.

कुंदन मेकॅनिकनं जीप चालूच ठेवली, बोनेट उघडलं आणि ऑइल टाकायच्या तोंडावरचं झाकण काढून नुसतं वर ठेवलं. झाकण तडतड नाचायला लागलं आणि घरंगळून खाली पडलं. मागोमाग निळसर धूर भसाभसा वर आला.

"पाह्यलं? पिस्टनच्या रिंगा घासल्या. सारा दम खालून निघून चालला. चार लाख ऐंशी हजार चाललं हे इंजिन, भैय्याजी. टर्बो म्हणजे काय, हवा कोंबणारा पंखा. थकल्या बैलाले तुतारीची आर टोचली तं तो दोन पावलं पळन. मंग बसन तो उठनच नाई."

"बैल माहा हाये."

"म्हणून तं सांगून राह्यलो."

भैय्याजींनी पडलेलं झाकण पायानं बाजूला सारलं. सकाळपासून जो तो त्यांना शहाणपण शिकवत होता. तळेगावच्या घाटात अर्ध्या चढावर जीप अडली, तेव्हा नऊच्या नऊ सवाऱ्या खाली उतरवाव्या लागल्या. पंचफुलाबाई, पंधरा वर्षं रोज त्यांच्याच गाडीनं भाजी नेणारी, वांग्यांची टोपली काढून घेत म्हणाली होती, "भाडंई म्याच द्याचं अन् घाटई म्याच चढाचा?" आणि मागून आलेल्या, त्याच स्टँडवरच्या हर्षितच्या नव्या गाडीत जाऊन बसली. हर्षितनं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "काका, टोचन लावू का? ओढत नेतो वरपर्यंत." सगळे हसले. पंचफुलाबाईसुद्धा.

उद्या आर्वीच्या स्टँडवर त्यांचा नंबर लागला की लोक विचारतील, याच्या मागची गाडी कोणती? असं चार दिवस झालं की भैय्याजींनी घरी बसायचं.

"मले उद्याच्या पहिल्या नंबराले गाडी पायजे," ते म्हणाले.

"मंग हे घ्या ना."

कुंदननं कोपऱ्यातली ताडपत्री उचलली. नागपूरच्या भंगारवाल्यानं पाठवलेलं इंजिन तिथं जुन्या टायरवर ठेवलेलं होतं. याच जातीच्या जीपचं, याच मापाचं. "संध्याकाळी त्याचा टेम्पो येते. ठेवा, नाई तं वापस द्या म्हणते."

"किती चाललं?"

"अकरा हजार."

भैय्याजी हसले. ते हसणं चांगलं नव्हतं. "कुंदन, तीस वर्षं झाले मी स्टेरिंग धरून राह्यलो. अकरा हजारात सीटवरचं प्लास्टिक निघत नाई लेका. अन् कोनी गाडी तोडून इंजिन इकते? पुरात बुडालं असन. नाई तं मीटर मांगं फिरवलं असन."

"कागद पक्के हायेत."

"कागद तं माह्या जीपचेई पक्के हायेत. चढते का घाट?"

कुंदननं पान्हा खाली ठेवला. "भैय्याजी, घ्याचं तं घ्या. जास्त इचारू नका."

इथं भैय्याजींचा तोल गेला. "मले येडा समजून राह्यला का तू? काऊन नाई इचारू? नवं हाये तं कशावरून नवं, ते दाखव. पुरावा दे. नाई तं आत्ताच्या आत्ता टर्बो लाव. फुटलं तं फुटलं, माह्यंच फुटन."

कुंदननं खांद्यावरचं फडकं काढलं आणि इंजिनवरची धूळ झटकली.

वरच्या झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक होतं. ओल्या बोटानं काढलेलं, एक टोक जरासं वाकडं. मधला हळदीचा ठिपका अजून पिवळा होता. बाजूच्या नळीला पूजेचा लाल धागा बांधलेला होता. त्याला तेलाचा एक डागही नव्हता.

जीप मागं खडखडत होती. कुंदननं जाऊन ती बंद केली.

"धडक कुठून लागली?" भैय्याजींनी विचारलं.

"बाजूनं. ड्रायव्हरच्या." कुंदन खाली पाहत होता. "इंजिनले तेवढं काईच नाई झालं."

रस्त्यावरून डेपोकडे जाणारी एसटी गेली. भैय्याजींनी एकदा आपल्या जीपकडे पाहिलं, एकदा इंजिनकडे. टर्बोचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

"बसव," ते शेवटी म्हणाले. "अन् कोनत्या गाडीचं हाये ते स्टँडवर बोलजो नको."

"नाई बोलत." कुंदननं फडकं डिझेलच्या डब्यात बुडवलं. "पहिले हे साफ करून घेतो."

"थांब."

भैय्याजींनी चपला काढल्या. ऑइलनं काळ्या, चिकट झालेल्या जमिनीवर ते अनवाणी पुढे आले. पिण्याच्या बाटलीतलं पाणी त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यावर ओतलं आणि वाकून ते स्वस्तिक पुसून काढलं. मग धाग्याला हात घातला. बांधणाऱ्यानं गाठ चांगलीच आवळली होती. काही केल्या सुटेना.

कुंदननं कात्री पुढे केली.

भैय्याजींनी ती घेतली नाही. ते टायरजवळ उकिडवे बसले आणि नखांनी गाठ सोडवायला लागले.