पहिल्या बर्फाचा फेर

"बर्फ पडला, बर्फ पडला!" अशी आरोळी उठली आणि सगळा गाव घराबाहेर धावला. म्हाताऱ्यांनीसुद्धा जिभा बाहेर काढून बर्फ झेलला. यांगझोम मात्र काखेत गाठोडं धरून उंबऱ्यातच उभी राहिली. खिंडीपलीकडच्या गावात तिची आई अंथरुणाला खिळली होती. "आधी हिवाळ्याची लाकडं घरात येऊ देत, मग खुशाल जा माहेरी," असं सासूनं बजावलं होतं. जंगलातून पाठीवर ओझी वाहून तिनं काल शेवटची मोळी रचली होती.

"अजून वाट बुजली नसेल. मी निघते," ती नवऱ्याला म्हणाली.

रिगझिननं तिच्या काखेतलं गाठोडं काढून घेतलं. "खिंड बंद झाली. आणि आता जाऊन करशील काय? तुझी आई परवाच गेली. निरोप आला होता."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"सांगितलं असतं तर रडत बसली असतीस. लाकडं कोणी आणली असती?"

तेवढ्यात सासू हसत हसत आली. "चल गं, फेर धरलाय सगळ्यांनी. आणि डोळ्यांतून पाणी काढू नकोस. पहिल्या बर्फाला रडलं की घराला बाधतं."

ढोल वाजू लागला. यांगझोमचा एक हात सासूनं धरला, दुसरा नवऱ्यानं. फेर गरगरा फिरू लागला. "हस की जरा!" समोरून कोणीतरी ओरडलं.

दोघांनीही हात घट्ट धरले होते. तिला डोळेसुद्धा पुसता येईनात.