झटक्याआधीचा प्रश्न

रानिसावच्या छातीवर दोन मोठ्या पट्ट्या चिकटवून झाल्या होत्या. पडद्यावर त्याच्या हृदयाची रेघ वेडीवाकडी पळत होती. दोन ठोके घाईघाईने, मग एक दांडी, मग लागोपाठ तीन. दाराशी त्याचा कोट आणि बूट घेऊन उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला, ल्युबिंकाला, यंत्राच्या त्या आवाजाने नको नको झालं होतं. बूट या हातातून त्या हातात घेत ती नुसती चुळबुळत होती.

डॉक्टर यासना आली. विजेचा झटका दिला की ठोके ताळ्यावर येतील, म्हणाली. पण ठोके असे भरकटलेले असले की हृदयाच्या एका कोपऱ्यात रक्त साकळतं, त्याची गाठ बनते. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या त्यासाठीच होत्या. त्या चुकल्या असतील आणि गाठ बसली असेल, तर झटक्यानंतर ती सुटून थेट मेंदूत जाऊ शकते.

"रानिसावकाका, गेल्या तीन आठवड्यांत एकही गोळी चुकली नाही ना?"

"एकही नाही, डॉक्टरबाई."

डॉक्टरने विश्वास ठेवला. दुसरं काय करणार? या नव्या गोळ्या मागे कधी चुकल्या ते तपासणीत कळत नाही, सगळं रोग्याच्या शब्दावर चालतं.

आता रानिसाव तसा खोटारडा नव्हे. दिलेला शब्द पाळणारा माणूस, आणि त्या शब्द पाळण्यानेच घात केला. उन्हाळ्यात डॉक्टरने त्याला बजावलं होतं की या गोळ्यांवर दारू घ्यायची नाही, आणि त्याने तसा शब्द दिला होता. नोव्हेंबर लागला आणि त्यांच्या शुमादिया भागात स्लावांचा, म्हणजे कुलसंतांच्या सणांचा, हंगाम सुरू झाला. प्रत्येक घराण्याचा एक संत, त्याच्या दिवशी त्या घरात पंगत, आणि उंबऱ्यातच रकियाचा, प्लमच्या कडक दारूचा, पेला हातात. तो नाकारला तर यजमानाच्या बापजाद्यांचा अपमान. मग रानिसावने तोडगा काढला. ज्या दिवशी पेला, त्या दिवशी गोळी नाही. "मी मिसळत नाही," असं तो वर छाती फुगवून सांगायचा. परवाच्या सेंट निकोलसच्या दिवशी तर एका दिवसात पाच घरं झाली होती.

आजची तारीख चार महिने थांबून मिळालेली. बागेची छाटणी तोंडावर होती आणि चार पावलं चढलं की त्याला धाप लागत होती. बसमध्ये त्याने बायकोला दटावून ठेवलं होतं की तोंड उघडलंस तर घरात पाय ठेवायचा नाही. चाळीस वर्षांत ल्युबिंकाने चारचौघांत त्याला कधी खोटं पाडलं नव्हतं.

नर्सने झोपेचं इंजेक्शन भरलं. ल्युबिंकाने बूट खाली ठेवले.

"चुकल्यात," ती म्हणाली. "निम्म्याच्या वर चुकल्यात."

रानिसावने मान वळवून तिच्याकडे असं पाहिलं की घर गेलं, हे ती धरूनच चालली. तिला काय कळतंय, असं तो डॉक्टरला सांगत राहिला. डॉक्टरने वाद घातला नाही. घशातून नळी घालून हृदय आतून पाहायचं ठरलं.

ल्युबिंका बाहेर फेऱ्या मारत राहिली. आतून त्याच्या ओकाऱ्यांचा आवाज येत होता. हृदयात गाठ निघालीच नाही तर? मग तारीखही गेली, नवराही तुटला आणि चूक सगळी तिची. गाठ निघावी असं क्षणभर तिला वाटलं, आणि स्वतःचीच शरम वाटली.

डॉक्टरने तिला आत बोलावलं आणि पडदा दोघांकडे वळवला. हृदयाच्या कोपऱ्यातल्या पिशवीत द्राक्षाएवढं काहीतरी चिकटलं होतं आणि प्रत्येक ठोक्याला डुलत होतं. आज झटका नाही, एवढंच डॉक्टर म्हणाली.

रानिसाव ते डुलणं बघत राहिला. नळीने त्याचा घसा बसला होता.

"एवढं होतं तर आधी सांगायचंस ना," तो बायकोला म्हणाला.

"सांगितलं होतं. दर वेळी, घरी आल्यावर," ल्युबिंका म्हणाली. "लोकांसमोर सांगितलं नाही, तिथे चुकले."