चुकलं तरच बोलतं

पडद्यावर पुन्हा तीच हिरवी ओळ उमटली. चूक.

“आता काय दुखलं ह्याचं?” गोदा पुटपुटली. आज प्रदोष होता. सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून पूजा तिच्याकडे आली होती, आणि हा प्रोग्राम चालल्याशिवाय कचेरीतून उठता येत नव्हतं.

वजीरभाई मुंबईहून कॉम्प्युटर शिकून आलेले. त्यांनी वाकून पाहिलं. “बरोबरच्या चिन्हाशेजारी जागा सोडलीत, ताई. चालत नाही ती.”

“अहो, मघाशी कंसाशेजारी सोडली नाही म्हणून ओरडलं होतं!”

“तिथे लागते. इथे नाही.”

“का पण?”

“का ते विचारायचं नाही.”

गोदाला हसू आलं. “आमच्या सासूबाईच हो अगदी! फूल उताणं वाहायचं, बेल पालथा. तुळशीला पुरी प्रदक्षिणा, शंकराला अर्धी. परवा डाव्या हाताने तीर्थ दिलं, तर पडल्या पडल्या घर डोक्यावर घेतलं. आणि ‘बरं केलंस’ म्हणून काही एकदाही नाही.”

तिने जागा खोडली, कळ दाबली. ओरड झाली नाही. पडद्यावर नुसता चौकोन लुकलुकत राहिला.

“काहीच बोललं नाही?”

“म्हणजे जमलं. हे चुकलं तरच बोलतं, ताई. शाबासकी द्यायची ह्याची रीत नाही.”

घरी शेजारची सखू दारातच भेटली. दिवसा तीच सासूबाईंजवळ बसायची. “पेज घेतलीन थोडी. आता पडल्येत शांत,” म्हणाली आणि गेली.

गोदाने आंघोळ केली, पिंडीवर पाण्याची धार धरली. सासूबाईंचं अंथरूण देवघरासमोरच होतं. तिने फूल वाहिलं. बेल वाहिला. नेहमी इथे हाक यायची. आली नाही. नैवेद्य झाला, आरती झाली, तरी मागून शब्द नाही. गोदाचा ऊर भरून आला. आज सगळं जमलं होतं.

तीर्थाची पळी घेऊन ती अंथरुणाशी बसली. “आई, तीर्थ.”

हात पुढे आला नाही. तिने तो आपल्या हातात घेतला. गार होता.

गोदाने तो हळूच अंथरुणावर ठेवला. मग तिने पळी डाव्या हातात घेतली, सासूबाईंच्या तोंडासमोर धरली, आणि ओरड्याची वाट पाहत राहिली.