दोन बटणं

"फायनल बटणांच्या कंट्रोलरवर खेळू, मावशी," म्हणत निनाद सोसायटीच्या क्लबहाऊसमधल्या टीव्हीसमोर आडवा उभा राहिला. "नुसता हात हलवायचा, हा पोरखेळ झाला. यावर कुणीही जिंकतं."

याच हात हलवायच्या कंट्रोलरवर कुंदामावशींनी टेबल टेनिसच्या व्हिडिओ गेममध्ये सहा जणांना घरी पाठवलं होतं, तेही डाव्या हाताने. आता त्यांनी पदराखालचा उजवा हात बाहेर काढला. अंगठा सोडला तर त्याला एकही बोट नव्हतं.

"बटणांचं मला नको सांगूस. कारखान्यात नऊ वर्षं पत्रा कापायची प्रेस चालवलीय. दोन हातांनी दोन बटणं दाबली तरच ती खाली यायची, म्हणजे हात मधे सापडायला नको. माल भराभर निघावा म्हणून आम्हीच एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवायचो."

निनाद वरमला. "राहू दे, मावशी. चषक तुम्हीच घ्या."

"भीक नकोय मला." त्यांनी कंट्रोलरचा पट्टा डाव्या मनगटात अडकवून दातांनी आवळला आणि दुसरा कंट्रोलर त्याच्या हातात कोंबला. "कुणीही जिंकतं ना? मग जिंक!"