काकांचे पाइप

काकांचा पाइप आज पुन्हा तुळईत वीतभर घुसला होता. पडद्यावर तेवढीच जागा लालभडक दिसत होती. टक्करताईने मान वळवून पाहिलं. काका जेवायला गेले होते. तिने चटकन त्यांच्या नावाने फाइल उघडली, पाइप तुळईखालून वळवला आणि फाइल मिटली. लाल गेलं.

त्या कचेरीत संगणकावर अख्ख्या इमारतीचं एकच मॉडेल असायचं. तुळया एकाने काढायच्या, वायरी दुसऱ्याने, पाइप काकांनी. काकांचा पाइप कुणाच्या भागातून आरपार जातोय, ते हुडकायचं आणि ती टक्कर काकांच्या नावावर नोंदवायची, हे हिचं काम. म्हणून तर टक्करताई. पाइपाला हात लावायची मात्र तिला मुभा नव्हती. पण ज्यांनी पोटच्या पोरीसारखं बसवून काम शिकवलं, त्यांच्याच डोळ्यांनी म्हातारपणी दगा दिला, तर त्यांच्या नावावर चुकांचा डोंगर रचायचा? तिचं मन धजेना. सहा महिने ती गुपचूप निस्तरत होती. काका आपले खुशीत. म्हाताऱ्या हाडांत अजून दम आहे बरं का, म्हणून तिला टपली मारायचे.

दुपारी साहेबांनी दोघांना आत बोलावलं. एक माणूस कमी करायचा होता. ताईला धास्ती वाटली, ती काकांची. साहेबांनी कागद पुढे सरकवला. सहा महिन्यांत काकांच्या नावावर एकही टक्कर नव्हती. ताईला हायसं वाटलं. मग साहेब तिच्याकडे वळले. सहा महिन्यांत तुम्हाला काहीच सापडलेलं नाही बाई, मग तुम्ही दिवसभर करता काय, असं त्यांनी शांतपणे विचारलं.

घरी आई अंथरुणाला खिळलेली, कमावणारी ही एकटी. खरं सांगावं, तर परक्या कामात हात घातल्याचा ठपका, वर काकांच्याही पोटावर पाय. काका दोन शब्द बोलतील, एवढीच आशा उरली. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

काका घसा खाकरून म्हणाले, “पोर गुणाची आहे साहेब. पण खोटं कशाला बोलू, तिला इथं काम उरलेलं नाही. माझे पाइप माझे मीच तपासत जाईन.”

साहेबांनी सही केली.

बाहेरच्या बोळात काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आईला जप म्हणाले. तिला राहवलं नाही. खालच्या आवाजात ती म्हणाली, “काका, तुमचे पाइप मी नीट करत होते.”

“ठाऊक आहे गं,” काका मायेने म्हणाले. “खात्री करायला दोनदा मुद्दाम तुळईतून घातले होते. जेवून आलो, तर नीट.”